लांडगा काढून टाका

संपादक बाईंनी माझी कादंबरी आठ महिने ठेवून घेतली. मग एका शनिवारी वाशीच्या ऑफिसात बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "लांडगा काढून टाका."

माझ्या कादंबरीतून लांडगा काढला तर उरतो नुसता बर्फ. चार वर्षं मी ती ऐरोलीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर लिहिली. युरोपात पार वर, थंडीच्या मुलखात, पूर्वी जे देव मानायचे त्यांची ही गोष्ट. त्या देवांच्या अंगणात लांडग्याचं एक पिल्लू वाढतं. ते नको तेवढं मोठं झाल्यावर देव घाबरतात आणि त्याला फसवून बांधून घालतात. इथवरची गोष्ट तिकडच्या लोकांची. पुढची माझी. त्या लांडग्याच्या वंशातली एक बाई कातडं पांघरून लांडगा होते, आणि एके दिवशी ते कातडं तिच्या अंगावरून निघतच नाही.

"भाषा छान आहे तुमची," बाई म्हणाल्या. "पण यात तुमचं काय आहे? तुम्ही दिघ्यात वाढलात, वडील कारखान्यात, गाव मराठवाड्यातलं, बौद्ध कुटुंब. केवढं अस्सल जगणं आहे तुमच्याकडे. ते लिहा. सहा महिन्यांत छापते."

अस्सल. हा शब्द तेव्हा डोक्यात गेला तो अजून उतरलेला नाही. बाईंच्या मागच्या कपाटात त्यांनीच छापलेली, मंगळावरच्या वसाहतीची कादंबरी होती. लेखक डोंबिवलीचे निवृत्त प्राध्यापक. मंगळावर कधी राहिलात, असं त्यांना कोणी विचारलं होतं का? त्यांना सुचतं, आम्हाला फक्त आठवतं. आम्ही आपलं नळावरचं भांडण, तुंबलेलं गटार आणि बापाचं दुखणं आणून द्यायचं आणि लोकांनी ते हळहळत वाचायचं. अर्थात हे सगळं मला परतीच्या बसमध्ये सुचलं. बाईंसमोर मी "विचार करते" म्हणाले आणि त्यांचा चहा पिऊन आले. त्याचाही राग आहेच.

घरी पप्पा टीव्ही बघत होते. त्यांनी माझ्या बाडाला कधी हात लावला नव्हता. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले. ही गोष्ट पप्पा अजून मान ताठ करून सांगतात. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात ग्रंथ वाचायची आमच्या घरची पाळी आली की मलाच बसवतात, कारण माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. त्याच लेकीने देवांवर चारशे पानं लिहावीत, म्हणून ते चार वर्षं फुगून बसले होते.

मी बाईंचं सांगितल्यावर ते म्हणाले, "बरं झालं. आपन देव सोडले ते काय फॉरेनचे आनायला? माज्यावर लिही. मॅडम बराबर बोलली."

मग माझा तोल गेला. तिकडे बाईंना हे देव माझे वाटेनात, इकडे यांना देव म्हटलं की नको, आणि दोघांनाही माझ्याकडून हवा होता एक दमलेला कामगार.

"शेवटी मरतात ते सगळे," मी ओरडले. "माझ्या गोष्टीत एकही देव वाचत नाही. सगळ्यात मोठ्या देवाला तर लांडगा गिळतो."

पप्पांनी टीव्हीवरून नजर काढली. "गिळतो?"

"अख्खा."

"मग वाच की." त्यांनी टीव्ही बंद केला.

मी रागारागातच, विहारात वाचते तसं मोठ्याने, लांडग्याला बांधतात ते प्रकरण वाचायला घेतलं. दोन साखळ्या तो तोडतो. तिसऱ्यांदा देव रेशमासारखी मऊ दोरी आणतात. म्हणतात, फक्त तुझी ताकद बघायचीय, नाही तुटली तर आम्हीच सोडू. लांडग्याला संशय येतो. तो म्हणतो, मग तुमच्यातल्या एकाने वचन म्हणून माझ्या तोंडात हात ठेवावा. देव एकमेकांकडे बघत राहतात. शेवटी एक जण पुढे येऊन हात ठेवतो. दोरी तुटत नाही, देव हसतात, कोणी सोडत नाही. लांडगा तो हात मनगटापासून तोडतो.

"परत वाच," पप्पा म्हणाले. मी ते पान परत वाचलं.

पप्पांची कंपनी बंद झाली तेव्हा मी शाळेत होते. दुरुस्तीसाठी तीन महिने बंद ठेवतोय, मग सगळ्यांना परत घेऊ, असं सांगून साहेबांनी कामगारांच्या सह्या घेतल्या. गेट पुन्हा उघडलं नाही. पप्पा वॉचमन झाले. आमच्या घरात यावर कोणी बोलत नाही. ते प्रकरण लिहिताना मलाही कंपनी आठवली नव्हती, अगदी शपथेवर सांगते.

पप्पा खिडकीकडे बघत म्हणाले, "त्याच्या वक्ताला हात ठेवनारा एक तरी निघाला. आमच्या वक्ताला साहेबानं नुस्ता पेन पुढं केला."

मग म्हणाले, "पुढं वाच."

सोमवारी मी बाईंना फोन करून सांगितलं, लांडगा राहील. त्या म्हणाल्या, मग अवघड आहे, तुमची प्रत घेऊन जा. वर म्हणाल्या, "मी तुमच्या भल्याचंच सांगत होते." पप्पांचं ते पेनाचं बोलणं तेव्हा माझ्या जिभेवर होतं. ते ऐकलं असतं तर बाई विरघळल्या असत्या, त्याच दिवशी करार केला असता आणि त्या एका वाक्यासाठी माझा लांडगा मारायला लावला असता. कादंबरी अजून छापलेली नाही. पण ते वाक्य मी बाईंना दिलं नाही.