खालच्या चार ओळी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. माय शेवटची आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं होतं, पण ओठ काही उघडले नाहीत. आता घरात हातमाग उरला नाही. हात दिवसभर मांडीवर पडून असतात, आणि मग नको ते आठवत बसतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीनं बरंच आहे. ऐका.

ऐंशीनंतरची वर्षं होती. नागपुरातली आमची विणकरांची वस्ती, घराला घर लागून. माझ्या शेजारी पार्बताबाई राहायची. मी तिला मावशी म्हणायचो. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. नवऱ्याचा माग त्याच्या दुखण्यातच विकला गेला होता. मग ती इतरांच्या घरच्या कांड्या भरायची, म्हणजे चरख्यावर सूत गुंडाळून आडवा धागा ओढणाऱ्या धोट्यात बसवायला द्यायची. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तुटलेलं टोक सापडेना, तेव्हा तेही जवळजवळ सुटलं. तिला निराधार योजनेतून पैसे मिळायचे. अनुदान हा शब्द कागदावरचा. वस्तीत सगळे त्याला पगारच म्हणायचे.

त्या पगाराच्या बाबतीत मावशी फार काटेकोर होती. मंजुरीच्या वेळी साहेबांनी तिला सांगितलं होतं, घरात कमावतं कोणी आलं तर कळवायचं. एकदा तिचा एक भाचा कामधंदा शोधायला म्हणून महिनाभर येऊन राहिला. हिनं लगेच मला पोस्टकार्ड आणून दिलं. "लिहून दे गा वसंता, भाचा येऊन राह्यला म्हणून. सरकारचं खातो, तं सरकारले सांगा लागते ना." वस्ती पोट धरून हसली. मीही हसलो, पण कार्ड लिहून दिलं. तिचे सगळे कागद मीच वाचायचो, मीच लिहायचो. सातवीपर्यंत शिकलेला ना मी! वस्तीत त्याचा केवढा तोरा होता.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतो आणि वळसे घालतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्याच सुमारास मी माझ्या मायच्या नावानं तसाच अर्ज केला. त्यात लिहिलं — मुलगा वेगळा राहतो, घरात कमाईचं साधन नाही. मुलगा वेगळा राहत नव्हता. तो तिच्याच हातची भाकर खात होता, आणि घरात चांगला चालता माग होता. का केलं असं? कारणं होती. सूत वेळेवर मिळत नव्हतं, लुगड्यांना उठाव नव्हता, मायचा दमा... जाऊ द्या. कारणं सांगायला लागलो की मला माझीच दया येते, आणि ते मला नको आहे.

चौकशीला साहेब येणार असं कळलं. मग माग घरात कसा ठेवणार? माझा माग लाकडी सांगाड्याचा, सुटा करून हलवता येणारा. पण उभ्या सुताचा ताणा चढलेला होता, लुगडं अर्धं विणून झालेलं. नुसता खोलून कोपऱ्यात रचला असता तर ताणा गुंतून वाया गेला असता. तो कुठंतरी उभाच करायला हवा होता. मावशीची पुढची खोली रिकामी होती. मी तिला म्हटलं, आमच्या भिंतीला ओल आली आहे, आठ दिवस माग तुझ्याकडे ठेवतो.

"ठेव ना गा," ती म्हणाली. "तेवढीच घरात खटखट. तुहे काका गेल्यापासून घर मुकं झालं."

भिंतीला ओल नव्हती.

साहेब आले ते दुपारी. मायला बघितलं, घर बघितलं. रिकामं घर. माय खोकत होती, तो खोकला मात्र खरा होता. साहेबांनी काहीतरी लिहिलं, मग हातातली यादी बघून विचारलं, "पार्बताबाई कुठं राहतात? आलोच आहे, तर त्यांचंही बघून जातो."

मावशी तेव्हा पीठगिरणीवर गेली होती. दाराला नुसती कडी होती. मीच कडी काढली. दुसऱ्या कोणी काढली असती, असं किती वेळा वाटलं असेल मला! समोर माग. माझाच. अर्धं लुगडं, ताजी हिरवी किनार.

साहेबांनी विचारलं, "या बाई विणतात का?"

इथं मी थांबलो. एखादा श्वास. त्या एका श्वासात मला सगळं दिसत होतं हो. माग माझा आहे म्हणालो तर मायचा अर्ज खोटा ठरतो. तिचा म्हणालो तर...

"विणतात थोडंफार," मी म्हणालो.

आमच्याकडे बायका कांड्या भरत, मागावर पुरुष बसत. साहेब बाहेरगावचे, त्यांना ते ठाऊक नसावं. आणि माझे पाय लांब. त्या मागाच्या पावड्या, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्या, मी माझ्या पायांच्या मापानं बांधल्या होत्या. मावशी चणीनं एवढीशी. ती त्यावर बसली असती तर तिचे पाय पावड्यांना टेकलेच नसते. साहेबांनी जरा थांबून तिला बसायला सांगितलं असतं तर माझं बिंग तिथंच फुटलं असतं. ते थांबले नाहीत. मीही त्यांना थांबवलं नाही.

मावशी पिठाचा डबा घेऊन परतली. मी तिला सांगितलंच नाही की कोणी येऊन गेलं. चार दिवसांनी माग माझ्या घरी आणला.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायला आवडायचं. घाबरलो, तोंडातून शब्द निघून गेला. माणसाच्या हातून होतं असं. पण पुढचं ऐका. पुढचं मी घाबरून केलं नाही. चांगला विचार करून केलं.

महिन्याभरानं मावशी एक टपाल घेऊन आली. नेहमीसारखी, माझ्याकडेच. पायरीवर बसली, पदरानं डोळे पुसले. "वाच गा. आपल्याले तं काही दिसून नाही राह्यलं."

टाईप केलेला कागद होता. वर लिहिलं होतं, अनुदान बंद करण्यात येत आहे. तेवढं मी मोठ्यानं वाचलं. खाली आणखी चार ओळी होत्या. त्या मनात वाचल्या. मग कागदाची घडी घातली.

तिनं डोळे किलकिले करून कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "काहून? काहून बंद केलं म्हणते?"

"कारण लिहिलं नाही, मावशी."

"एवढंच हाये?"

"एवढंच."

"मी जाऊन इचारू का सायबाले?"

"काही उपयोग नाही," मी म्हणालो. "सरकारनं बंद केलं म्हणजे बंद."

तिनं कागद घेतला आणि पत्र्याच्या पेटीत मंजुरीच्या कागदाजवळ ठेवला. माझं म्हणणं तिनं मानलं. का मानणार नाही? मी तिचं वाचणारा होतो ना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मायचा अर्ज मंजूर झाला. दर महिन्याला पोस्टमन मावशीच्या दारावरून पुढं येऊन आमच्या दारात थांबू लागला. मावशी पायरीवर बसून त्याची सायकल बघायची. पहिल्या खेपेला तिनं आत येऊन मायचा हात हातात घेतला. "बरं झालं वं बाई, तुले तरी भेटला." मायला यातलं काही माहीत नव्हतं. ती रडली. मी मागावर बसलो होतो. हात थांबवला नाही.

मावशीनं पुन्हा कांड्या मागायला सुरुवात केली. अंदाजानं भरायची. सूत सैल बसायचं, धोट्यात अडकून तुटायचं. लोकांनी देणं बंद केलं. मीही बंद केलं, हेही सांगून ठेवतो. मग तिनं घरातली पितळेची भांडी एकेक करून मोडीत दिली. शेवटी कुहीकडच्या एका खेड्यातून तिची भाची आली आणि तिला घेऊन गेली. निघण्याआधी मावशीनं मला पोस्टकार्ड दिलं. "सायबाले लिहून दे, मी गाव सोडून चालली म्हणून. नाई तं मांगून म्हणतीन, बुढीनं सांगितलं नाई." पगार बंद होऊन वर्ष झालं होतं. मी कार्ड लिहिलं आणि टाकलंही. ते खरंच टाकलं.

पहिल्या सालच्या दिवाळीनंतर इकडं येणाऱ्या एका माणसाबरोबर तिनं नव्या तांदळाचं गाठोडं पाठवलं, मायसाठी. आम्ही खाल्लं. दुसऱ्या साली आलं नाही. मी स्वतःला सांगितलं, पीक बुडालं असेल.

तिसऱ्या साली ती वारल्याची बातमी आली. मी गेलो. काहून गेलो, कोण जाणे. भाचीनं ओळखलं, पाणी दिलं. म्हणाली, "मांगच्या साली मावशीनं कागद ग्रामसेवकाले दाखवला, इथं पगार चालू होते का म्हणून. त्यानं पुरा वाचला. म्हणे, बाई, मुदत गेली, तवाच काहून नाई केलं? घरी आली तं एवढंच सांगितलं. तुमच्यासाठी तांदूळ बांधून ठेवले होते. ते सोडले अन् परत कोठीत टाकले."

"माग कोणाचा, काही म्हणाल्या?" मी विचारलं. हो, हे विचारायची हिंमत मात्र झाली मला.

"कोनता माग?" भाची म्हणाली.

मावशीनं कोणाला सांगितलं नव्हतं. भाचीनं मला जेवायला वाढलं, आणि मी जेवलो. निघताना तिनं पेटीतला तो कागद माझ्या हातात दिला. "आमाले वाचता येत नाई. तुम्ही ठेवा."

मायचा पगार ती जाईपर्यंत चालला. ती गेल्याचं मी आठवड्याच्या आत ऑफिसला कळवलं. तेवढं कर्तव्य चोख बजावलं.

तो कागद अजून माझ्यापाशी आहे. घडीवर फाटला आहे, पण अक्षरं लागतात. आज तो समोर ठेवून बसलो आहे. खाली असं लिहिलं आहे, मावशी —

'चौकशीच्या वेळी आपले घरी हातमाग आढळून आला असून त्यावर आपण विणकाम करीत असल्याचे शेजाऱ्याने सांगितले. सबब आपण निराधार ठरत नाही. हा निर्णय आपणांस मान्य नसल्यास तीस दिवसांचे आत लेखी हरकत घेण्याचा आपणांस हक्क आहे. आपले म्हणणे ऐकून घेतले जाईल.'