सिंकमागची पांढरी रेघ

सिंकमागची फट काल मीच बुजवली. सिलिकॉनची नळी गनमध्ये बसवली, तिचं तोंड तिरकं कापलं आणि श्वास रोखून खटका दाबत गेले. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट वरून फिरवलं. रेघ इतकी सुबक आली की नवऱ्याला मुद्दाम बोलावून दाखवली.

आज सकाळी त्या रेघेपाशी मुंग्या होत्या. इकडून तिकडे जात होत्या, पुन्हा मागे फिरत होत्या. ओटा माझा म्हणून त्याची फटही माझीच, असं मी धरून चालले होते.

सासूबाई रोजच्यासारखी चिमूटभर साखर घेऊन आल्या. मुंग्यांना साखर घालू नका, हे मला त्यांच्या तोंडावर सांगवत नव्हतं, म्हणून तर मी फट बुजवली होती.

"छान बुजवलीस गं," त्या वाकून बघत म्हणाल्या. "पण या बाहेरच राहिल्या की."

मी हातातलं ओलं फडकं पाठीमागे लपवलं. बोटाला अजून सिलिकॉनचा आंबट वास येत होता. त्यांनी साखर रेघेच्या कडेला ठेवली आणि त्या गेल्या. एका मुंगीनं कण उचलला, रेघेपर्यंत नेला आणि तो तोंडात धरून ती तिथंच थांबली.