नातीचं जनावर ताम्हिणीच्या रानात

माझी नात सई चित्रकलेच्या कॉलेजात आहे. तिला एक नवंच, जगात नसलेलं शिकारी जनावर मनाने रचायचं होतं, ताम्हिणीच्या रानात तगेल असं. ती रान बघायला निघाली आणि मी तिच्याआधी चपला घालून दारात!

कोथरूडहून सकाळीच तिच्या स्कूटरवर निघालो. पौडपर्यंत रस्ता बरा, पुढे खड्डे. माझ्या वयाच्यांनी गाडीच करावी, कंबर शिव्या देते. पण धरणाचं पाणी दिसलं की सगळं विसरायला होतं.

घाटात एका टपरीवर थांबलो. पिठलं-भाकरी दीडशेला, ठेचा मागाल तेवढा. सई ओढ्याकडे चित्र काढायला गेली. टपरीवाली सुमन बोलघेवडी, मग मीही नातीच्या जनावराचं कौतुक लावलं. झाडावर राहतं, अंग शेवाळासारखं, आवाज म्हणून नाही, शेरडू खालून गेलं की वरून झेप!

सुमनचा हात तव्यावरच थांबला. "कुठल्या अंगाला हाय ओ आजी? आमचं मामंजी शेरडं घिऊन वर गेल्यात!"

"अगं, ते कागदावर आहे. नातीनं काढलंय."

"म्हंजी तिनं बघितलंय!"

सासऱ्यांच्या फोनला रेंज नाही. सुमन रस्त्यावर जाऊन हाका मारायला लागली. सईने धावत येऊन चित्र दाखवलं, तर ते इतकं जिवंत की बाई आणखीच घाबरली. खोटं आहे हे मला ठाऊक, तरी मीही एकदा झाडांत वर बघून घेतलं. हाका ऐकून म्हातारा माणूस घाईने उतरला आणि कड्यावरून गेला तर? माझ्या तोंडाला कुलूप का नाही घातलं देवाने!

शेवटी घुंगरं वाजली. सासरे आले, शेरडंही सगळी. सुमनला म्हणाले, "ह्या कागदापायी माझी भाकर जाळलीस व्हय?" मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

सुमनला माझा नंबर देऊन निघालो, अंधाराच्या आत घरी पोचलो. सईचं चित्र सरांनी पास केलं. काल सुमनचा फोन आला. "मामंजी मला हसत्यात, पर आता सोता झाडाखालनं जाताना वर बघत्यात."

सई टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, रुळलं गं माझं जनावर तिथे!"

मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्या रानातली वाट दगडांची, कड्याकडेची. आज पुन्हा सुमनला फोन केला. म्हटलं, मामंजींना सांग बाई, वर काही नाही, खाली बघून चाला.