कडीचा ताल

स्टेजवर मांदर ढोलावर पहिली थाप पडली आणि कमलिनीच्या हातातला पंखा गळून पडला.

खट्. खट् खट्. मग शांतता. मग शामसुंदरने सॅक्सोफोनमधून दोनदा नुसता श्वास ओढला, गॅसचा वास येतोय का हे कोणी हुंगून पाहावं तसा. पुन्हा खट् खट्.

सन चौऱ्याऐंशीची दिवाळी नुकतीच झाली होती. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर सहाच्या मराठी मंडळाचा हॉल भरला होता. कमलिनी घाबरूनच आली होती, पण भीती मुलाची, शामसुंदरची होती. मधे वर्षभर तो ड्यूटीवर जात नव्हता, भिंतीकडे तोंड करून पडून राही. डॉक्टरनं मनाचं दुखणं सांगितलं; कमलिनीनं सेक्टरात कावीळ सांगितली. मग कारखान्याच्या नंदिनी खाणीत काम करणारा हिरालाल मांदर घेऊन घरी यायला लागला. कारखान्यातल्या, मायदेशी परत जाणाऱ्या रशियन साहेबाकडून घेतलेला सॅक्सोफोन शामसुंदरनं पेटीतून काढला, आणि दोघांनी ही वाजवणारी मंडळी जमवली. गावाकडचा ठेका, विलायती जॅझ, आणि प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी मनाच्या दुखण्यावर. आज पोरगा स्टेजवरून आपलंच दुखणं सांगतो की काय, ही तिची धास्ती होती.

आणि वाजत होती ती स्वतःच! दाराची कडी, गॅसची चावी, पुन्हा कडी. रोज सगळे निजल्यावर ती करायची ते.

शेजारच्या क्वार्टरमधली कौशल्या मान डोलवत कानाशी लागली. "कमलिनीबाई, हे तं तुमच्या घरचंच वाटते! भिंतीतून रोज येते ना ऐकू."

रोज? म्हणजे इतकी वर्षं? कमलिनीच्या कानांतून वाफा निघाल्या. लोक टाळ्या वाजवत होते. ती उठून सरळ घरी गेली.

रविवारी हाच कार्यक्रम खाणीजवळच्या नंदिनी नगरला होता. तो तुकडा बंद करायचाच, असं ठरवून दुसऱ्या दिवशी दुपारी ती तालमीच्या जागी, हिरालालच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"शाम, आईले चव्हाट्यावर आणलं तू. कावून केलं असं?"

"तुझं नाव कुठं घेतलं मी?"

"कौशल्याले नाव लागत नाही!"

शामसुंदर खाली पाहत म्हणाला, "मी पडून होतो तवा तू उशाशी बसायची. दर घडीले उठून दार पाहून यायची. मले वाटे, घरात दोघं जण बिमार आहेत, अन् दवा एकालेच चालू आहे."

"मी? मी बिमार?" नागपूरहून बी. ए. झालेली, नवऱ्याच्या, गुलाबरावांच्या नाइट शिफ्टमधे एकटीनं मुलं वाढवलेली बाई!

हिरालाल कसनुसा झाला. "काकी, तुम्ही नाही म्हणाल तं नाही वाजवत. एक डाव बसून ऐका."

ती बसली नाही. उभ्यानंच ऐकलं. शेवटी हिरालालनं तोच बोल तीनदा वाजवून मोठी तिहाई घेतली, कडी खणकन बसली, आणि झालं.

"असं नाही," कमलिनी म्हणाली.

"काय नाही, काकी?"

"असं संपत नाही ते. तुम्ही कडी लावून मोकळे झाले. माझा हात निघाला की मले वाटते, लावलीच नाही. आता पाहिली, तरी वाटते. मंग पुन्हा जाते. पाय दुखतात, तरी जाते."

हे तिनं गुलाबरावांनाही कधी सांगितलं नव्हतं. स्वतःचाच आवाज तिला परक्या बाईचा वाटला.

हिरालालचे हात मांदरवरच थांबले. "मंग संपवायचं कसं?"

"मले माहीत असतं तं मी झोपली नसती का रे?"

एवढं बोलून तिनं तोंडावर पदर घेतला आणि ओसरीच्या पायरीवर मटकन बसली. शामसुंदरनं सॅक्सोफोन खाली ठेवला. "रविवारी हे नाही वाजवत," तो म्हणाला, "आधी तू माझ्या डॉक्टरकडे चल."

तिनं नाही म्हटलं नाही, याचंच तिला सगळ्यात जास्त नवल वाटलं.