बाहीवरचा काळा धागा

आमच्या घरात कुठलीच वस्तू जागची हलत नाही. आजोबांची दृष्टी गेली तेव्हा कपाट जिथे होतं, तिथेच ते आजही आहे. खुर्ची ओढून बसलं तर उठताना परत भिंतीला लावायची, चपला दाराच्या डाव्या अंगालाच काढायच्या, हे आम्ही बोलायला लागण्याआधी शिकलो. आजोबांनंतर थोरल्या काकांचे डोळे गेले आणि नियम तसाच पुढे चालू राहिला. दोघांनाही आधी साखर, म्हणजे मधुमेह, झाली होती. त्यामुळे साखर आली की डोळे जाणार, असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्याला कुणी आजार म्हणत नसे. नाक आजोबांचं, हनुवटी आजोबांची, तसंच हेही.

आत्या रफूचं काम करते. पुढच्या खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिचं टेबल, त्यावर मान वाकवलेला दिवा. फाटलेल्या कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढायचे आणि भोकावर उभे-आडवे विणत जायचे. काम झालं की गिऱ्हाईक कपडा उलटापालटा करून भोक शोधतं, आणि आत्या चष्म्यावरून बघत गप्प बसते. तिचा गर्व तेवढाच.

साखर तिलाही आली. गोळ्या ती वेळेवर घ्यायची, फिरायला जायची, चहा बिनसाखरेचा प्यायची. डोळे मात्र कधी दाखवले नाहीत. वाईट बातमी ऐकायला रांगेत कशाला उभं राहायचं, असं म्हणायची. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांनाही साखर आहे आणि त्यांचंही हेच मत होतं.

एका सकाळी तिला एका कोटाच्या बाहीवर काळा धागा दिसला. तिने तो चिमटीत धरायला बोटं नेली तर तो बाजूला सरकला. सुईच्या टोकाने उचलायला गेली, पुन्हा सरकला. आपल्यालाच हा धागा कसा सापडत नाही म्हणून ती चिडली, बाही झटकली, ब्रश फिरवला. मग तिने मान वर केली. धागा समोरच्या पांढऱ्या भिंतीवर होता.

काकांना तिने दुपारी सांगितलं. ते म्हणाले, "मला कोळ्याचं जाळं दिसायचं. तुला धागा. ज्याचं त्याचं काम."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला शिकवायला घेतलं. डोळ्यांवर शाल बांधायची आणि भिंतीला हात लावत ओट्यापासून दारापर्यंत यायचं. काका शिक्षक म्हणून चांगले होते. उंबरठ्याला आपणहून वाकलं नाही की तो वाकवतो, म्हणायचे. कपाट आपल्याला काही करत नाही, आपणच त्याच्या अंगावर जातो, म्हणायचे. आत्या हसायची, ठेचकाळायची, पुन्हा चालायची. त्या दोघांची ती माया बघवत नव्हती.

अशीच एकदा ती शाल बांधून कपाटापाशी आली होती, तेव्हा दारात एक वकीलबाई आल्या. त्यांच्या काळ्या कोटाचं कोपर फाटलं होतं. काळ्यावर काळं विणायचं म्हणजे रफूतलं सगळ्यांत अवघड काम. काकूंनी त्यांना हळू आवाजात सांगितलं, की वन्सं आता बारीक काम घेत नाहीत, डोळ्यांचं जरा तसंच आहे. वकीलबाईंनी दिलगिरी व्यक्त केली आणि त्या वळल्या.

आत्याने शाल ओढून काढली. चपला न घालता ती रस्त्यावर गेली. एक सायकलवाला तिला चुकवून वाकडा झाला, त्याने मागे वळून काहीतरी ऐकवलं. तिने वकीलबाईंना कोपऱ्यावर गाठलं.

"कोट द्या इकडे," ती म्हणाली. "जाईपर्यंत डोळे माझेच आहेत."

ती परत आली तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. "वन्सं, तुमच्या भल्यासाठीच म्हटलं हो." आत्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण बोलली ती काकांशी. "दादा, दिसत होतं तेव्हा तुझे डोळे कुणी आतून तपासले होते का?"

"तपासून काय होणार होतं?"

"मी तेच विचारायला चाललेय."

इस्पितळात मी तिच्याबरोबर होते. डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, खिडकीकडे बघवेना. डॉक्टरबाईंनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो दाखवला. रक्ताचे बारीक ठिपके होते आणि कडेला नको तिथे उगवलेल्या कच्च्या रक्तवाहिन्या. त्यांतली एक झिरपली होती. तोच तो धागा.

आत्याने विचारलं, रक्त तपासून कळेल का, हे माझ्यात बापाकडून आलंय की नाही. त्या म्हणाल्या, अशी एकच एक तपासणी नाही. साखर होणं वेगळं आणि ती डोळ्यांवर किंवा मूत्रपिंडावर उतरणं वेगळं. काहींची साखर वर्षानुवर्षं वाढलेली असूनही डोळे शाबूत राहतात, काहींचे लवकर बिघडतात. त्यात घराण्याचा वाटा असतो, पण तो अनेक जनुकांत थोडा थोडा विखुरलेला, आणि ती नुसती जोखीम असते. उरलेलं साखर, रक्तदाब आणि वेळेवरची तपासणी यांच्यावर असतं.

"घरात आहे म्हणून तुम्ही सगळ्यांत आधी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखी घरंच सगळ्यांत शेवटी येतात."

"आता आलेय ना. करा काय करायचं ते."

लेझर केलं. हनुवटी टेकवून ती बसली, सुईत दोरा ओवताना श्वास रोखते तशी. प्रत्येक लखलखाटाला तिची बोटं माझ्या मनगटावर घट्ट होत होती. झालेलं नुकसान भरून येणार नाही, पण उरलेलं राखता येईल, आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा यावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. धागा पुरता गेला नाही. खाली कडेला जाऊन बसला.

कामाची परवानगी मिळाली तेव्हा कोट खुंटीवर वाट बघत होता. दिव्याच्या उजेडात काळं काळ्यात मिसळायचं. आत्याने टेबलाची एक बाजू धरली, मला दुसरी धरायला लावली. टेबलाचे पाय फरशीवर करकरले.

आतून काका आले, भिंतीला हात न लावता, सवयीने झपझप. "काय हलवलंत?"

"जागीच थांब, दादा. टेबल खिडकीशी नेतेय."

"बापाच्या घरात ही हिंमत?"

"बापाचं घ्यायचं तेवढं घेतलंय. नाक घेतलं, साखर घेतली. टेबल माझं आहे."

तिने त्यांचा हात धरला आणि टेबलाच्या कडेवरून फिरवला. हा कोपरा, ही खुर्ची, इथून वळायचं. लाकडावर ऊन पडलं होतं. काकांचा तळवा तिथे बराच वेळ राहिला. मग ते मला म्हणाले, "तुझ्या बापाला म्हणावं, डोळे तपासून ये. म्हणावं, आंधळ्याने सांगितलंय."

कोट पुरा झाला. वकीलबाई आल्या, त्यांनी तो खिडकीपाशी धरला, बाही उलटी केली, सुलटी केली. आत्या चष्म्यावरून बघत गप्प बसली. काका आपल्या खुर्चीत होते.

"सापडलं का हो भोक?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.