चेंडू गिळणाऱ्या माणसाची गोष्ट

मुलांसाठी लिहिलेलं माझं पहिलं पुस्तक छापून आलं, त्याच महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या चेअरमननी माझ्याविरुद्ध मीटिंग बोलावली.

पुस्तकात सगळी खडूस माणसं होती. एक बाई दिसेल त्या पोराचे गाल ओढते. मग तिचेच गाल लांबत जातात आणि शेवटी त्यांत पाय अडकून ती जिन्यावरून गडगडते. शिकवणीचे एक सर पोरांना कोंबडा करतात. एका सकाळी त्यांच्याच डोक्यावर तुरा उगवतो; बायको जरा वेळ बघत राहते आणि मग मसाला वाटायला घेते. माफी, पश्चात्ताप असलं काही कुणाच्या वाट्याला येत नाही. तिसरीतल्या माझ्या लेकीला अशाच गोष्टी लागायच्या. खलनायक शेवटी सुधारला की ती पाठ फिरवून झोपायची.

शेवटची गोष्ट चेंडू पळवणाऱ्या माणसाची होती. अंगणात आलेला पोरांचा चेंडू तो परत देत नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक खोली असते, तिथं तो सगळे चेंडू कोंडून ठेवतो. एक दिवस चेंडू दार फोडून बाहेर येतात आणि त्याला टाकीत ढकलतात. पाणी पिऊन पिऊन तो गोल होतो, टप्पे खात जिना उतरतो आणि थेट पोरांच्या क्रिकेटमध्ये येऊन पडतो. एक मुलगी त्याला असा काही हाणते, की तो दौलताबादच्या किल्ल्यावरून पलीकडं जातो. अजून खाली आलेला नाही.

बिल्डिंगमधल्या पोरांना मी एकेक प्रत दिली. पोरं जिन्यात बसून मोठ्यानं वाचायची आणि खिदळायची. तळमजल्यावर चेअरमनकाकांचं दार होतं. निवृत्त माणूस, आवाज खणखणीत, बरीच वर्षं सोसायटी त्यांच्याच हातात. पार्किंगमध्ये खेळायला त्यांनी बंदी घातली होती. ‘गाड्यांच्या काचा फुटतात’ म्हणायचे, पण एकही काच फुटलेली कुणाला आठवत नव्हती. चेंडू त्यांच्या हाती लागला की गेला. विचारलं तर म्हणायचे, "कचऱ्यात टाकला."

एका संध्याकाळी ते पुस्तक घेऊन आमच्या दारात आले.

"हे माझ्यावर लिहिलंय तुम्ही."

"नाही काका. माझी एक चुलत आत्या होती देवगाव रंगारीला. तिच्या अंगणात चेंडू गेला की ती विळीवर चिरून दोन फोडी परत द्यायची. तिलाच मिशा लावल्या मी."

हे अगदी खरं होतं, पण त्यांना पटलं नाही. "रविवारी मीटिंगमध्ये बघू," म्हणून ते निघून गेले. नवरा म्हणाला, "सॉरी म्हणून मोकळी हो, आपल्याला इथंच राहायचंय." मी नाही म्हणाले. पण शनिवारी जेवण गेलं नाही, हेही खरं.

रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. पोरं स्कूटरींवर चढून बसली. काका उभे राहिले आणि म्हणाले, "या बाईंनी माझी बदनामी केली आहे. काय लिहिलंय ते तुम्हीच ऐका." आणि त्यांनी गोष्ट वाचायला सुरुवात केली.

वाचन त्यांचं फार छान होतं. योग्य जागी थांबत होते, खडूस माणसाचा आवाज तर त्यांना काढावाही लागत नव्हता. टाकीत ढकलण्यापर्यंत लोकांनी कसंबसं आवरलं. पहिला टप्पा पडला तसं कुणीतरी फिस्सकन हसलं. काका थांबले.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पुढंच बसल्या होत्या. माहेर अजिंठ्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं; भीड कुणाचीच नाही. त्या म्हणाल्या, "लई झ्याक वाचता तुम्ही. थांबले कामून? वाचा की पुढं."

मग मात्र सगळं पार्किंग हसलं. माझा नवरासुद्धा.

काका लाल झाले. "हसा. पण मला एक सांगा. टाकीजवळच्या खोलीची किल्ली फक्त माझ्याकडं असते. तिथं चेंडू ठेवलेत हे या बाईंना कळलंच कसं?"

हसणं एकदम थांबलं. मला काहीच कळलं नव्हतं. खोली मी गोष्टीच्या सोयीसाठी घातली होती. आमच्या गच्चीवरच्या खोलीत मोटारीच्या उघड्या वायरी आहेत, शॉक बसेल, असं काकांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

काकूंनी शांतपणे विचारलं, "म्हंजे चेंडू हायेत तिथं?"

काकांनी पुस्तक मिटून काखेत मारलं. मग म्हणाले, "ते सुरक्षिततेसाठी."

"व्हय का? चला, बघू तरी."

सगळी मीटिंग जिना चढून वर गेली. एवढ्या लोकांपुढं काकांना कुलूप काढावंच लागलं. वायर एकही नव्हती. रबरी चेंडू, टेनिसचे, चपटे झालेले फुटबॉल, शटल, दोन बॅटी, सगळं छातीएवढं साचलेलं. दार उघडताच ढीग ढासळला आणि चेंडू लोकांच्या पायांतून वाट काढत जिन्यावरून उड्या मारत खाली निघाले. पोरं त्यांच्यामागं किंचाळत पळाली. माझ्या लेकीला तिचा पिवळा चेंडू सापडला; मी त्यावर नेलपॉलिशनं काढलेले डोळे अजून शाबूत होते. इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलेला तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा हातात एक जुनी बॅट घेऊन नुसता उभा होता. "ही माझी आहे," एवढंच म्हणाला.

माझ्या बदनामीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. काकांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि काकू चेअरमन झाल्या. त्यांचा पहिला निर्णय असा, की संध्याकाळी पाचनंतर गाड्या बाहेर आणि पोरं आत. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

त्या रविवारी मीटिंगच्या खुर्च्या कुणी उचलल्याच नाहीत. त्यांच्याच स्टंपा केल्या. बायकाही खेळल्या. मी शाळा सुटल्यापासून बॅट धरली नव्हती, तरी दुसऱ्याच फटक्यात चेंडू गेटबाहेर रस्त्यापलीकडं गेला, आणि माझी लेक स्कूटरच्या सीटवर उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "ती माझी मम्मी आहे!"