माझ्या आवाजाखाली दबेल

भार्गवीने सुधींद्रला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी त्याचे केस आले. हुबळीत गोकुळ रोडवरच्या तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, पंपांच्या शेडमध्ये प्रथम केस शिरले, मग गिटार, मग एप्रिलच्या उन्हात घामाने चकाकणारं काळं लेदर जॅकेट, आणि आत सगळं ठीक आहे असं केसांनी कळवल्यावर खुद्द सुधींद्र. डोळ्यांवर गॉगल असल्यामुळे पंपाच्या सुट्या भागांचा ढीग काही त्याला दिसला नाही. तो ढीग जो कोसळला, त्याच्या आवाजाने म्हणे उणकल तळ्यावरचे बगळे उडाले ते थेट धारवाडात उतरले. ढिगाखालून सुधींद्र ओरडला, "हाच! हाच साऊंड पाहिजे मला!"

एवढा चांगला ताल त्याने पुढे आयुष्यात कधी धरला नाही.

धारवाडच्या सप्तापुरात राहणारा हा गृहस्थ दिवसा एका कॉलेजात हंगामी प्राध्यापक म्हणून कॉमर्स शिकवी आणि संध्याकाळी 'महाप्रलय' नावाच्या रॉक बँडचा संस्थापक असे. या प्रलयात माणसं तीन. गिटारवर सुधींद्र, ड्रमवर भार्गवी आणि गायला सिद्धांत. हुबळीचा हा सिद्धांत मराठीत सुरू करून मध्येच कन्नडात शिरायचा, आणि भार्गवीच्या शेडमधल्या सरावात असा गायचा की शेजारच्या वर्कशॉपातले लोक मशीन बंद करून दारात येऊन उभे राहत. ते आपली गिटार ऐकायला येतात, अशी सुधींद्रची प्रामाणिक समजूत होती.

मग सिद्धांतला बेलूरच्या कारखान्यात कायमची नोकरी लागली. फिरती पाळी, म्हणजे सराव बंद. तो निरोप घ्यायला आला तेव्हा सुधींद्र म्हणाला, "जा की. बँड म्हणजे गायक नव्हे. बँड म्हणजे मी."

"आणि गाणार कोण?" भार्गवीने विचारलं.

सुधींद्रने केस मागे टाकले. अवघड प्रश्नांना तो असंच उत्तर देई.

त्याचा आवाज कसा म्हणाल, तर बंद पडलेली लुना कुणी उतारावरून ढकलत न्यावी, आता सुरू होईल, आता होईल असं वाटत राहावं, आणि उतार संपावा. पण नवा अल्बम काढायचा, स्वतः गायचा आणि 'महाप्रलय' कोणाचा ते जगाला दाखवायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

भार्गवीलाही हा अल्बम हवा होता, तो वेगळ्या कारणाने. अप्पांनी शेडमध्ये नवा लेथ आणला आणि ड्रमना जागा उरली नाही. ते एका शाळेच्या बँडपथकाला देऊन टाकावे लागले. तिचं वाजवणं आता उरलं होतं ते फक्त सरावाच्या रेकॉर्डिंगमध्ये.

"मग तेच घेऊ," सुधींद्र म्हणाला. "पुन्हा कशाला वाजवतेस?"

"अरे सुधी, त्या ड्रममध्ये सिद्धांत आहे."

होताच. शेडमध्ये पंखा एकच, तोही ड्रमच्या डोक्यावर. त्यामुळे सिद्धांत कायम ड्रमला खेटून गायचा, आणि ड्रमसमोरच्या प्रत्येक माइकने त्याला आत घेतलं होतं.

"असू दे," सुधींद्र म्हणाला. "माझ्या आवाजाखाली दबेल."

सुधींद्रच्या घरची रीत अशी की गाणं बाहेर जाण्याआधी जाणत्यांच्या कानावर घालायचं. तेव्हा रॉक अल्बमसाठी सप्तापुरातल्या माडीवर सतरंजी अंथरली गेली, गिरमिट म्हणजे मसाल्याचे चुरमुरे आणि मिरचीची भजी आली. मध्यभागी वडील बाळाचार्य बसले. संस्कृतचे निवृत्त मास्तर, आयुष्यभर गाण्याच्या बैठका ऐकलेले. मागे शेजारच्या हेमावती अक्का आणि त्यांची भिशी. स्पीकर सुरू झाला.

बाळाचार्य डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "वा!"

सुधींद्र फुलला. भार्गवीला मात्र त्या 'वा'ची जागा कळली होती. सुधींद्र श्वास घ्यायला थांबे तेव्हा मागून सिद्धांत वर येई, आणि 'वा' तिथेच पडे. पुढच्या वेळीही तिथेच. मग हेमावती अक्काही त्याच जागी माना डोलवू लागल्या. "छलो ऐती बाई, छान आहे!" सुधींद्र श्वास सोडून गाऊ लागला की त्या भज्यांकडे वळत.

गाणं संपलं. बाळाचार्यांनी डोळे उघडले. "सुधी, मागं गातोय तो कोण रे?"

"तो... जुना आहे एक."

"फार गोड. पण पुढचा माणूस सारखा मध्ये येतो त्याच्या. त्याला जरा गप्प बसव."

"बाबा, पुढचा मी आहे."

"असं होय?" बाळाचार्य म्हणाले. "मग तर घरातलंच काम."

दुसऱ्या दिवशी सुधींद्रने भार्गवीला गाठलं. "ड्रममधून सिद्धांतला धुऊन काढता येईल?"

"सदरा आहे का तो? असं कर की. तू काढून घे स्वतःला. ड्रम आणि सिद्धांत राहू देत. सुरेख होईल बघ."

सुधींद्रने केस मागे टाकले.

अल्बम उगादीला, म्हणजे पाडव्याला, निघाला. त्यात सिद्धांत नाही, म्हणजे ड्रमही नाहीत.